छत्तीस माहेरं

पुण्याहून नगरला जायला दुभाष्या लागत नाही. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण माझ्या तोंडून अजून नगरच निघतं. आमचे ड्रायव्हर बशीरभाई तर जन्माने नगरचे, त्यांच्याही तोंडून तेच निघतं. तेव्हा भाषा आपली, माणसं आपली, रस्ता पाठ, अशा थाटात मी दिवाळी संपता संपता निघाले. एका साध्या मराठी शब्दाचा अर्थ आपल्याला ठाऊक नाही, हे कळायला मला पाच दिवस लागले आणि दोन किलो पेढे खर्ची पडले.

आधी माझं काम सांगते, कारण त्याशिवाय ही हकिगत कळायची नाही. मी अँटीबॉडीच्या वाणांची जनगणना करते. करोनाने हा शब्द घरोघर पोहोचवला हे एक बरं झालं. आजाराशी झुंजणारी ही प्रतिपिंडं सगळ्यांच्याच रक्तात असतात, पण त्यांच्या शेपटाकडच्या भागात माणसागणिक बारीक फरक असतो. आईकडून एक आणि वडिलांकडून एक, असा तो जन्मतःच मिळतो आणि मरेपर्यंत बदलत नाही. ज्वारीचे जसे वाण असतात तसं समजा. भाकरी सगळ्यांची होते. कुठल्या मुलखात कुठला वाण किती जणांकडे आहे, हे मोजून ठेवलं की पुढे लशींवर काम करणाऱ्यांना त्याचा उपयोग होतो.

गेल्या वर्षी शेवगावच्या पूर्वेला एका वस्तीवर मी चाळीस जणांचं रक्त घेतलं होतं. इतर ठिकाणी क्वचित सापडणारा एक वाण तिथे दर तिसऱ्या माणसाकडे निघाला. मी हर्षाने वेडी व्हायचीच बाकी होते. सहा वर्षं याच कामात घालवलेली, आणि आता हाताला घबाड लागलेलं. जिल्ह्याच्या कोरडवाहू पूर्व भागाचं रक्त वेगळं आहे, असा लांबलचक लेख मी लिहून टाकला. आमच्या प्रमुख बाईंनी तो शांतपणे वाचला आणि सांगितलं, की त्याच वस्तीवरचे नवे चाळीस नमुने आण, एकमेकांच्या नात्यात नसलेल्या माणसांचे. पुन्हा तेच निघालं तर लेख पाठवू, नाहीतर फाडून टाकू.

नात्यात नसलेली माणसं कशाला, तर एकाच घरात दहादा विचारलं की दहा उत्तरं मिळत नाहीत, एकच उत्तर दहादा मिळतं. हे मला पक्कं माहीत होतं. म्हणूनच आमच्या छापील फॉर्मवर चौथा प्रश्न होता आणि तो मी स्वतः घातला होता. आधी तिथे ‘रक्तसंबंधित व्यक्ती’ असं सरकारी थाटाचं काहीतरी होतं. ते खोडून मी साधं, लोकांना समजेल असं मराठी लिहिलं, ‘तुम्ही येथील इतर कोणाचे नातेवाईक आहात का? होय / नाही.’ या सुधारणेचा मला फार अभिमान होता.

भंडारदरा

तुलनेसाठी आधी डोंगरातले नमुने घ्यायचे होते, म्हणून पहिला मुक्काम अकोले तालुक्यात. पाऊस सरलेला, धरण काठोकाठ, आणि खाचरांतून भात कापणीला आलेला. बशीरभाईंनी गाडी उभी केली आणि पाण्याकडे बघत म्हणाले, की एवढं पाणी असताना माणसं बोलतात तरी कशाबद्दल. त्यांच्याकडे म्हणजे नगर शहरात पाणी कधी येणार हा रोजचा विषय.

जनाबाईंच्या घरी उतरलो. साठीच्या, हाडाने बारीक, आणि गावातल्या प्रत्येकाची मागची चार नावं तोंडपाठ. जेवायला काळभात होता. त्याचा वास आधी अंगणात आला आणि मग ताट आलं. सोबत उडदाचं घट्ट वरण आणि नाचणीची भाकरी. पुण्यात आम्ही पाहुण्याला पोळी वाढतो आणि भात शेवटी दोन घास. इथे भातच पाहुण्याचा मान. मी तीनदा घेतला आणि जनाबाईंना चौथ्यांदा नाही म्हणताना घाम फुटला.

दुसऱ्या दिवशी समाजमंदिरात नमुने घेतले. लोक निवांत होते, मी घाईत. जनाबाईंना चौथा प्रश्न विचारला तेव्हा त्या म्हणाल्या, “नातेवाईक न्हाई बाई, पर...” आणि पुढे त्या कोण कुणाच्या चुलत्याचा, कोण कुठून घरजावई आला ते सांगू लागल्या. रांग खोळंबली होती. मी हसून ‘नाही’वर खूण केली आणि पुढच्या माणसाला बोलावलं. त्या ‘पर’च्या पुढे काय होतं ते मी ऐकून घ्यायला हवं होतं.

बेलापूर

श्रीरामपूरजवळचं हे मोठं गाव पाटाच्या पाण्यावर गबर झालेलं. रस्त्याच्या दोन्ही अंगाला डोक्याच्या वर ऊस. ज्यांच्या बंगल्याच्या ओसरीवर आम्ही टेबल मांडलं त्या शेतकऱ्याला एकच काळजी होती, टोळी कधी येते. “तिकडनं शेवगाव-पाथर्डीची मानसं आली की तोड सुरू. तवर आमी नुसतं बघायचं,” ते म्हणाले. त्यांच्या रानातला ऊस तोडणारी माणसं आणि माझ्या लेखातली माणसं एकच, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं आणि मला उगाचच मोठं वाटलं.

इथे एक छोटा घोटाळा झाला. निळी शीतपेटी बघून गावातल्या आया तान्ह्या पोरांना घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. पोलिओचा डोस नाही, हे समजावता समजावता अर्धा तास गेला. एका आजीने मला सुनावलं, की पेटी तीच आणायची आणि डोस मात्र द्यायचा नाही, ही कुठली रीत. त्यांचं काही चूक नव्हतं.

निघताना बाजारात पेढे घेतले, चांगले दोन किलो. शेवगावच्या वस्तीने मला घबाड दिलं होतं, त्यांचं तोंड गोड करायला नको? बशीरभाईंनी पेढ्यांचे पुडे गुपचूप रक्ताच्या पेटीत ठेवले, कारण गाडीत ऊन लागत होतं. मी त्यांच्यावर भडकले आणि पुडे बाहेर काढायला लावले. पुडे मांडीवर घेऊन मी शेवगावपर्यंत गेले.

शेवगावच्या पूर्वेला

शेवगाव सोडलं आणि रस्त्याच्या कडेचा हिरवा रंग हळूहळू उतरत गेला. कपाशीची वेचणी सुरू होती, मधेच तुरीचे पट्टे, बांधाला बाभळी. वस्तीवर पोहोचलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि प्रत्येक दारात बोचकी बांधलेली. गावची आशा कार्यकर्ती मंगल ओढ्यापर्यंत सामोरी आली. मंगल म्हणजे या वस्तीची नाडी. तिच्या वहीत नाही असं माणूस तिथे जन्मत नाही. ऊसतोडीला नेणारी मुकादमाची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती आणि त्यानंतर इथे म्हातारी माणसं आणि शेरडं तेवढी उरणार होती. म्हणजे माझ्या हातात एक दिवस होता. एक दिवस पुरेसा आहे, असं मी मंगलला ऐटीत सांगितलं.

आधी पेढे. अण्णा वस्तीतले वडीलधारे, मागच्या वर्षी पहिलं रक्त त्यांनीच दिलेलं. त्यांच्यापुढे पुडा धरला. त्यांनी हात जोडले आणि सुतक असल्याचं सांगितलं. पाथर्डीकडे राहणारे एक नव्वदीचे चुलते चार दिवसांपूर्वी गेले होते. मी दिलगिरी व्यक्त केली आणि पुडा शेजारच्या घरी नेला. तिथेही सुतक. त्याच्या पलीकडे, सुतक. रस्ता ओलांडून गेले, तिथल्या माणसाने पेढ्याकडे प्रेमाने बघितलं आणि मान हलवली. आठव्या दारात मला हसू यायला लागलं. एवढी माया कोणत्या म्हाताऱ्याने लावली असेल, असं मी मंगलला म्हणाले.

“माया कशाची ताई,” मंगल म्हणाली. “भावकी एकच हाय न्हवं. समद्यांनाच पाळावं लागतं.”

पुडा हातात तसाच राहिला. मी अण्णांकडे परत गेले, पिशवीतून गेल्या वर्षीच्या फॉर्मचा गठ्ठा काढला. गुप्तता राखायची म्हणून त्यावर आडनाव नव्हतं, फक्त नंबर. चौथ्या प्रश्नावर चाळीसच्या चाळीस ‘नाही’. मी अण्णांना विचारलं, की तेव्हा तुम्ही सगळ्यांनी नातेवाईक नाही असं का सांगितलं.

अण्णांना माझा प्रश्नच कळेना. त्यांनी फॉर्म डोळ्यांजवळ नेऊन वाचला आणि मग एखाद्या लहान मुलीला सांगावं तसं मला सांगितलं, “नातेवाईक म्हंजे पावनं. सोयरं. जिथं पोरगी दिली, जिथनं सून आनली, ते नातेवाईक. ह्ये समदे भाऊबंद हायेत. भाऊबंदाला कुनी नातेवाईक म्हंतं का?”

त्यांचा पंजोबा एकच होता. म्हणजे मी चाळीस माणसांना विचारलं नव्हतं, एका पंजोबाला चाळीसदा विचारलं होतं. त्या म्हाताऱ्याच्या रक्तातला एक वाण त्याच्या नातवंडा-पतवंडांत उतरला आणि मी त्याला सबंध पूर्व भागाचं रक्त ठरवून मोकळी झाले. ‘रक्तसंबंधित’ हा बोजड शब्द असता तर अण्णांनी निदान विचारलं तरी असतं, की बाई म्हणजे काय. माझं साधं मराठी आड आलं.

मी लिंबाखालच्या बाजेवर बसून राहिले. खरं सांगते, रडू येत होतं आणि लाजही वाटत होती. बशीरभाई गाडीला टेकून उभे होते. ते हळूच म्हणाले, “मॅडम, मला सुतक नाही,” आणि त्यांनी एक पेढा उचलला. सकाळपासून पहिल्यांदा कुणीतरी माझा पेढा खाल्ला होता. मी हसले, आणि हसल्यावर डोकं जरा चालायला लागलं. गाव सोडून दुसरीकडे जायचं तर ओळख ना पाळख, आणि एका दिवसात माणसं रक्त देत नसतात. मंगललाही दुसरी वस्ती सुचेना.

समोरच्या दारात सुनीता भांडी पोत्यात भरत होती. अण्णांच्या पुतण्याची बायको, तिशीची, दहा वर्षं कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला, जाणारी. आमचं बोलणं ती मघापासून ऐकत असावी. पोत्याचं तोंड आवळता आवळता ती म्हणाली, “मंग आमचं घ्या की. आमी कुठं एकमेकीच्या कोन लागतो?”

वस्तीतली निम्मी माणसं बाहेरून आलेली होती. प्रत्येक सून वेगळ्या गावची, वेगळ्या भावकीतली. सुतक त्यांना लागत होतं ते नवऱ्याचं. रक्त त्यांचं त्यांच्या माहेरचं होतं. मागच्या वर्षी रांगेत पुरुष पुढे आले आणि बायका दाराआडून बघत राहिल्या, तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. ही चूक फॉर्मच्या चुकीपेक्षा मोठी होती.

मग कामाला लागलो. चौथा प्रश्न मी पेनाने खोडला आणि त्या जागी लिहिलं, ‘माहेर कुठलं? आईचं माहेर कुठलं?’ आईचं माहेर अशासाठी, की दोघींच्या आया बहिणी निघू शकतात. शिवाय मामाची मुलगी करायची रीत इथे आहे. तिथे घोळ होऊ शकतो, हे मंगलने आपणहून सांगितलं. तिने लिंबाखाली सगळ्यांना बसवलं आणि एकेकीने माहेर सांगायला सुरुवात केली. नेवाशाकडचं, गेवराईकडचं, पैठणच्या अलीकडचं, जामखेडचं. इतका वेळ वस्तीवर फक्त पोती ओढण्याचा आवाज होता, आता माहेरांची नुसती धमाल उडाली. एकीने गाव सांगितलं की दुसरी म्हणे, तिथल्या जत्रेला मी गेल्ते. दोघी सख्ख्या बहिणी निघाल्या, त्यांच्यातली एक बाद केली. बाद झालेली रुसली. एका सासूने विचारलं, की सुनांचंच का, आमी काय हितं उगवलो? बरोबर होतं. सासवाही एके काळी बाहेरूनच आलेल्या. मग सासू आणि सून एका रांगेत बसल्या, दोघी परमुलखातल्या. जिथे सासूने भावाचीच मुलगी करून आणली होती तिथे फक्त सासूला ठेवलं. तिघीचौघींचं हिमोग्लोबिन इतकं कमी होतं, की बोटाच्या थेंबापुढे त्यांचं रक्त घेतलं नाही. मंगलने त्यांना गोळ्यांच्या पट्ट्या दिल्या आणि बोचक्यात नीट ठेवायला लावल्या.

कुणीतरी शंका काढली, सुतकात रक्त द्यायला चालतं का. अण्णा बाजेवरून म्हणाले, “देवाला न्हाई चालत. डाक्टरला चालतं.” प्रश्न मिटला.

दुपारी शेंगोळे खाल्ले. हुलग्याच्या पिठाचे, लसूण-मिरचीच्या पातळ रश्शात उकळलेले. माझ्या नाकातून पाणी येत होतं आणि बायका कौतुकाने बघत होत्या. आमच्याकडे सुतकात घरात चूल नसते, शेजारचे डबा आणतात, असं मी म्हणाले. मंगलने विचारलं, की इथे शेजारीही तेच सुतकातले, मग डबा कोण आणणार. मी आणखी शेंगोळे मागून घेतले.

सुनीताचा नंबर शेवटचा लागला. बाही वर करताना तिने मला थांबवलं. मागच्या वर्षी तिच्या नवऱ्याने रक्त दिलं होतं. त्यात काय निघालं ते कुणीच सांगायला आलं नाही, असं तिने ऐकवलं. “आमचं काय निघलं ते सांगायला येनार का? फोनवर न्हाई. येऊन.” मी हो म्हणाले. तिने सुईकडे न बघता दंड पुढे केला.

संध्याकाळच्या आत छत्तीस नळ्या भरल्या. चाळीस नव्हत्या, पण छत्तीस माहेरं होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादमाची गाडी आली तेव्हा आम्ही ओढा ओलांडून निघालो होतो. परत आल्यावर भंडारदऱ्यालाही फोन लावला, जनाबाईंना सावकाश विचारलं, आणि ‘पर’च्या पुढचं सगळं या वेळी मुकाट्याने लिहून घेतलं. तिथलेही सात नमुने बाद करावे लागले.

पुन्हा बेलापूर

जानेवारीत निकाल हातात आला. तो दुर्मीळ वाण छत्तीस जणींपैकी एकीकडेच होता, म्हणजे इतरत्र सापडतो तितकाच क्वचित. बाकीचं सगळं प्रमाण बेलापूरच्या आकड्यांच्या इतकं जवळ, की कागद एकावर एक ठेवावेत. पाटाखालचा भाग आणि कोरडवाहू भाग, दोन्हींचं रक्त एकच. माझा लेख मी स्वतः फाडला, प्रमुख बाईंच्या समोर, आणि मग नवा लिहायला घेतला. जुन्या लेखात एका पंजोबाची कहाणी होती. नव्यात खरोखर एका मुलखाचं मोजमाप आहे, आणि त्याच्या पक्केपणाबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

शब्द दिला होता म्हणून निघाले. मंगलने टोळीचा पत्ता काढला तर ती बेलापूरच्याच शिवारात, आम्ही टेबल मांडलेल्या त्या शेतकऱ्याच्या रानात. बशीरभाईंनी न सांगता बाजारात गाडी थांबवली आणि पेढे घेतले. उसाच्या पाचटात पाय रुतवत गेले. सुनीता मोळी बांधत होती, डोक्याला फडकं, हात कापलेले. ती मला बघून उभी राहिली आणि तिने बाकीच्या बायकांना हाक मारली. उसाच्या ढिगावर सगळ्या टेकल्या.

मी सगळं सरळ सांगितलं. माझी चूक झाली होती. पुरुषांच्या रक्तात जे वेगळं निघालं ते त्यांच्या घराण्यापुरतं होतं, मुलखाचं नव्हतं. मुलखाचं काय आहे ते तुमच्या छत्तीस नळ्यांनी सांगितलं. नुसत्या पुरुषांचं घेतलं असतं तर आजही चुकीचंच छापून बसले असते.

सुनीताने पेढा घेतला. आता सुतक नव्हतं. तो अर्धा खाऊन तिने उरलेला शेजारणीला दिला.

“म्हंजे ताई,” ती म्हणाली, “त्येंचं समदं एकच घर हुतं. त्यात मुलूख आमी आनला.”